पाइप, दोरी अन् जुनी जीन्स: घरी केलेला फ्लर्ट पोल कितपत टिकतो?

सकाळी तासभर फिरवून आणलं तरी घरात आल्याबरोबर जो कुत्रा पायपुसणं फाडायला घेतो, त्याला आणखी चालवून उपयोग नसतो. त्याला कशाच्या तरी मागे जीव खाऊन धावायचं असतं, झडप घालायची असते, दातात धरून ओढायचं असतं. फ्लर्ट पोलवर हे सगळं दहा मिनिटांत होतं. काठीला दोरी, दोरीला कापडाची शेपटी, एवढाच त्याचा कारभार. घरी केलेला पोल विकतच्यापेक्षा स्वस्त पडतोच, पण खरा फायदा वेगळा आहे: झिजणारा प्रत्येक भाग आपल्याला बदलता येतो. विकतच्या काठ्यांमध्ये एकात एक सरकणाऱ्या, लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या काठीचे सांधे मोठ्या कुत्र्याच्या ओढीने ढिले होतात. टोकाचं केसाळ खेळणं फाटलं की त्याच मापाचं दुसरं मिळवताना नाकी नऊ येतात.

पाइप निवडताना चूक झाली तर पुढचं सगळं वाया जातं. वायरिंगचा पातळ पाइप सगळ्यात स्वस्त म्हणून लोक तोच घेतात. तो ओढीने वाकतो आणि नागपूरच्या उन्हात एक उन्हाळा गच्चीवर पडून राहिला तर कडक होऊन तडकतो. तडकलेली कड सुरीसारखी असते. नळकामाचा पाऊण इंची यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकचा) पाइप घ्यावा, शेड्यूल ४० चा; शेड्यूल म्हणजे पाइपच्या भिंतीच्या जाडीचा दर्जा. शेड्यूल ८० जास्त मजबूत असतो, पण पाच मिनिटांत मनगट भरून येतं. पाच फुटांचा तुकडा पुरतो. नागपूरच्या इतवारी बाजारात किंवा घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात उरलेला तुकडा आहे का, हे आधी विचारावं. कुठे बांधकाम चालू असेल तर प्लंबरकडेही निघतो.

विदर्भात बांबू हाताशी असतो, त्यामुळे त्याचा विचार मनात येणारच. मानवेल बांबू भरीव आणि लवचिक असतो, झटका छान झेलतो. पण दोरी आतून नेता येत नाही, खाच पाडून बाहेरून आवळावी लागते. कुत्र्याने काठीच चावली तर बारीक कुसळं हिरडीत शिरतात. काठीला तोंड न लावणाऱ्या कुत्र्यासाठीच बांबू चालेल.

दोरी नायलॉनची, विणलेली, ६ ते ८ मिलिमीटर जाडीची, ४ मीटर. हिशोब असा: पाइपच्या आत पाच फूट, बाहेर पाच फूट आणि गाठींना बाकीची. बाहेरची दोरी पाइपपेक्षा फार लांब ठेवली तर वळताना मागे रेंगाळते आणि कुत्र्याच्या पायात गुंतते. फार आखूड असली तर दात आपल्या हातापाशी येतात. पिळाची प्लॅस्टिकची दोरी उन्हाने कुजते आणि तिचे तंतू तोंडात सुटतात. मोटारसायकलवर सामान बांधायचा हुकवाला इलॅस्टिक पट्टा तर कधीच नको. सुटला की हूक थेट डोळ्यावर येतो.

पाइपच्या दोन्ही टोकांना एंड कॅप, म्हणजे टोपण, लागते. प्रत्येक कॅपच्या मधोमध दोरीपेक्षा किंचित मोठं भोक पाडा. आता सगळ्यात दुर्लक्षित पायरी: त्या भोकाची कड आधी कानशीने, मग पॉलिश पेपरने घासून बोट फिरवलं तरी गुळगुळीत लागेल अशी करा. घरचे पोल बहुतेक इथेच मार खातात. ओढीच्या वेळी दोरी त्या कडेवर करवतीसारखी घासत राहते आणि बाहेरून धड दिसणारी दोरी ऐन खेळात तुटते. दोरी ओवल्यावर हाताकडच्या बाजूला एक लोखंडी वायसर घालून इंग्रजी आठच्या आकड्याची गाठ मारा. नायलॉनची साधी गाठ सरकते, म्हणून टोक मेणबत्तीवर वितळवून घ्या. दुसरी गाठ वरच्या कॅपला लागून बाहेर, म्हणजे दोरी आत-बाहेर होणार नाही. वरची कॅप पाइप चिकटवायच्या सोल्युशनने चिकटवा, तळाची नाही. तिथे नुसती टेप गुंडाळा, दोरी बदलायला ती उघडावी लागते. मुठीच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला की घामाने हात घसरत नाही.

शेपटीला जुनी जीन्स उत्तम. दोन इंच रुंद, दीड फूट लांब अशा तीन पट्ट्या घट्ट विणून दोन्ही टोकांना गाठ. बटण, चेन, रिव्हेट काहीच राहू देऊ नका. मोजा बांधू नका, तो गिळला जातो. टेनिसचा चेंडूही नको. त्याच्या खरखरीत लोकरीने दात झिजतात. शेपटीला कापडाचाच फासा ठेवून दोरीच्या फाशात अडकवली तर मिनिटभरात बदलता येते आणि तोंडाजवळ धातूचा हूक राहत नाही. विणीतून लांब धागे लोंबायला लागले की ती फेकून द्या. पोटात गेलेला धागा आतड्याला गोळा करतो आणि प्रकरण ऑपरेशनवर जातं.

जागा पंचवीस फूट व्यासाची हवी, मातीची किंवा गवताची. सिमेंट रोडवर आणि टाइल्सवर हा खेळ नकोच, जोरात वळताना गुडघ्याचे लिगामेंट तिथेच तुटतात. लेआउटमधला कुंपण घातलेला रिकामा प्लॉट चांगला, पण आधी एक चक्कर मारून काच, गोखरूचे काटे आणि संक्रांतीनंतर गवतात अडकलेला नायलॉन मांजा वेचून काढा. मांजाने पंजा चिरतो.

शेपटी जमिनीलगतच फिरवायची, मोठ्या गोलात, कधी डावीकडून तर कधी उजवीकडून. हवेत उंच उडवून कुत्र्याला उड्या मारायला लावणं बघायला मजेचं वाटतं, पण बहुतेक दुखापत त्यातच होते. दीड वर्षाखालच्या पिल्लाची हाडं अजून वाढत असतात, त्याच्याशी हळू आणि सरळ रेषेतच खेळा. डॅशहाउंडच्या लांब पाठीला हे खेळणं नको. पग दमला की त्याला श्वास पुरत नाही, त्यालाही नको. लंगडणाऱ्या किंवा जाड झालेल्या लॅब्राडॉरचे गुडघे आधी नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवून घ्या.

प्रत्येक फेरीआधी ‘बस’, मग ‘घे’. तीन-चार गोलांनंतर पकडू द्यायचं. कधीच हाती लागत नसेल तर कुत्रा चिडतो, नाहीतर खेळच सोडतो. पकडल्यावर थोडी ओढाओढ, मग दोरी सैल सोडून ‘सोड’. सोडल्याबरोबर शेपटी पुन्हा हलली पाहिजे, तेच त्याचं बक्षीस. पाच मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा पाच मिनिटं. एवढं भरपूर झालं. जेवणानंतर तासभर तरी पोल बाहेर काढू नका.

एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत सूर्य वर यायच्या आधीच खेळ उरकायचा. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत संध्याकाळीही जमीन तापलेली असते; हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता येत नसेल तर त्या दिवशी सुट्टी. जीभ चमच्यासारखी रुंद होऊन बाहेर लोंबली, हिरड्या लालभडक दिसल्या की खेळ तिथेच थांबवा. सावलीत नेऊन अंगावर साधं पाणी ओता, पंखा किंवा कूलर लावा आणि डॉक्टरांना फोन करा.

खेळून झालं की पोल दाराआड, उन्हापासून लांब आणि कुत्र्याच्या तोंडापासून उंच टांगून ठेवा. पंधरा दिवसांनी तळाची टेप काढून आतली दोरी बाहेर ओढून बघा. कडेजवळ ती केसाळ झाली असेल तर तेवढा तुकडा कापून नवी गाठ मारा.