पर्समधला कापसाचा बोळा आणि लिंबाचं तेल

घरी केक करून विकते. लिंबाच्या केकला आमच्याकडे बरी मागणी आहे, म्हणून गेल्या दिवाळीआधीच्या एका प्रदर्शनात 'लेमन इसेन्शियल ऑइल'ची बाटली घेतली. 15 मिली, 180 रुपये. स्टॉलवाल्याने कापसाच्या बोळ्यावर थेंब टाकून नाकाशी धरला. "ताई, थेट सालीचं तेल. केकात घाला, घरात फवारा, काहीही करा. वास तीन दिवस हलणार नाही!"

मी खूश. बोळा पर्समध्येच टाकला.

केकात किती घालू विचारलं तर म्हणाला, अर्धा चमचा. मी तेवढं घातलं. एक किलोचे दोन केक, वाढदिवसाची ऑर्डर. उरलेल्या पिठाचा कपकेक सासूबाईंना चाखायला दिला. एक घास खाऊन त्यांनी ताटली खाली ठेवली. "केक केलास की भांडी घासलीस?"

खरंच, भांड्याच्या साबणवडीचीच चव. दोन्ही केक टाकले आणि ऑर्डरचे 1,200 रुपये परत केले.

मग बाटली नीट पाहिली. लेबलाचा कोपरा सुटला होता. गरम पाण्यात भिजवून सोललं, तर खाली आणखी एक लेबल. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत 'फक्त बाह्य वापरासाठी'. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, कोणत्या वनस्पतीचं तेल तेही नाही. वर्तमानपत्रावर एक थेंब टाकला. दुसऱ्या दिवशीही भज्यांच्या कागदासारखा तेलकट डाग तसाच. सालीचं तेल बहुतेक सगळं उडून जातं, मागे राहिलीच तर पुसट खूण.

आणि तो बोळा! चौथ्या दिवशीही पर्स घमघमत होती. लिंबाचा खरा वास फार टिकत नाही, काही तासांत विरतो. म्हणजे ज्या गुणावर मी भाळले, तोच खोटेपणाचा पुरावा होता. अर्धा चमचा ऐकूनही शंका यायला हवी होती. खाण्याच्या प्रतीचं लिंबाचं तेल इतकं तीव्र असतं की किलोभर केकाला तीन-चार थेंब पुरतात.

कुणीतरी सांगितलं, थर्मोकोलवर टाकून बघ, अस्सल असेल तर विरघळवतं. ते खरं आहे, सालीच्या तेलातल्या लिमोनीन नावाच्या द्रव्यामुळे थर्मोकोलला खड्डा पडतो. पण स्वस्त संत्र्याच्या तेलातही लिमोनीनच असतं, तेही खड्डा पाडणारच. त्या चाचणीवर भरवसा ठेवून कुणी पोटात काही घालू नका.

स्टॉलवाल्याला फोन केला. "मॅडम, खायला चालतं असं बाटलीवर कुठं लिहिलंय?" पावती पाहिली तर 'सुगंधी वस्तू – 1 नग'. दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 क्रमांक फिरवायला घेतला खरा, पण तक्रार नोंदवायची कुणाच्या नावाने?

आता बाजारातलं कागदी लिंबूच घेते. हिरवी-पिवळी साल वरवर किसायची, पांढरा भाग कडू म्हणून सोडायचा, आणि कीस साखरेत बोटांनी चोळायचा. साखर ओलसर होते, तेच तेल. ती बाटली संडासाच्या खिडकीत आहे. चार महिने झाले, वास अजून हललेला नाही.