खुराड्याचे स्वयंचलित दार : आठ महिन्यांच्या वापरानंतर

खुराड्याचे दार लावायला मला एकाच रात्री उशीर झाला आणि तेवढ्या अवधीत रानमांजराने अकरापैकी चार कोंबड्या मारल्या. नेली मात्र एकच, बाकीच्या तिघी दांडीखाली तशाच पडलेल्या होत्या. त्यानंतर बॅटरीवर चालणारे हे स्वयंचलित दार बसवले.

दाराचा ॲल्युमिनियमचा पत्रा दोन्ही बाजूंच्या खाचांतून, मळसूत्री दांड्याच्या आधाराने वर-खाली सरकतो. खरेदी करताना हीच गोष्ट आधी पाहावी, असे माझे मत आहे, कारण दोरीने ओढल्या जाणाऱ्या दाराचा पत्रा नुसत्या स्वतःच्या वजनावर टेकलेला असतो आणि जनावराने खालून पंजा किंवा नाक घातले की तो उचलला जाऊ शकतो. माझ्या दाराच्या खालच्या कडेवर नखांचे बारीक ओरखडे उमटले आहेत, पण पत्रा जागचा हललेला नाही. मध्ये अडथळा आल्यास दार मागे फिरते. गुंडाळलेला टॉवेल ठेवून मी हे अनेकदा तपासले आहे.

दार प्रकाशावर किंवा घड्याळावर चालवता येते. कोंबड्यांना अंधारात फारच कमी दिसत असल्याने दिवस मावळताना त्या आपणहून आत शिरतात, आणि मावळतीची वेळ ऋतूप्रमाणे बदलत असल्यामुळे संध्याकाळी प्रकाशावरची सोयच योग्य ठरते. सकाळी मात्र मी घड्याळ लावते, कारण झुंजूमुंजू होताना कोल्ह्यासारखी जनावरे अजून फिरत असतात. सुरुवातीला प्रकाशाची मर्यादा, म्हणजे उजेड किती कमी झाला की दार बंद व्हावे, ती नीट जुळवलेली नव्हती. आभाळ भरून आलेल्या एका दुपारी दार चारलाच बंद झाले आणि तांबडी कोंबडी बंद पत्र्याला चोच लावून बाहेर उभी राहिली. आता मर्यादा खाली आणून मी वीस मिनिटांचा विलंब ठेवला आहे. जवळच्या दिव्याचा उजेड दाराच्या प्रकाश ओळखणाऱ्या सेन्सरवर पडू देऊ नये, नाहीतर दार उघडेच राहते.

माझी खरी तक्रार बॅटरीबद्दल आहे. ती संपत आल्याची कोणतीही ठळक सूचना मिळत नाही, आणि एकदा ती संपली तेव्हा दार उघडेच राहिले. सुरक्षेसाठी घेतलेल्या वस्तूत ही उणीव मला अक्षम्य वाटते.

याशिवाय, भिंत कच्ची असेल तर दाराचा उपयोग नाही. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्रा ती फाडतो आणि मांजर तिच्यातून पंजा घालते. त्यामुळे मी अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावली आणि उकरून आत शिरणाऱ्यांसाठी तिचा सुमारे 30 सेंटीमीटरचा पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून मातीखाली दाबला. दिवसा दार उघडे असल्याने घारीपासून आणि मुंगसापासून ते काहीच संरक्षण देत नाही. त्यासाठी फिरण्याची जागा वरून आणि बाजूंनी जाळीबंद असावी लागते.

एका संध्याकाळी दार वेळेवर बंद झाले, तेव्हा अंड्यांच्या खोक्यामागे साप होता. आत कोण आहे हे दाराला कळत नाही, म्हणून ते बंद झाल्यावर मी टॉर्च घेऊन खोक्याखाली, कोपऱ्यात आणि दांडीवर पाहते, आणि सातही कोंबड्या मोजूनच घरात येते.