वॉकिंग टूरमधला हेडसेट: कानाला बरा, गल्लीला त्याहून बरा

जुन्या वस्तीतून पायी फिरवणाऱ्या टूरमध्ये हल्ली गळ्यात अडकवायचा छोटा रिसीव्हर आणि एका कानाचा इअरपीस देतात. गाईड कॉलरच्या माइकमध्ये बोलतो, ते थेट आपल्या कानात. पाचपैकी चार तारे. त्यातले तीन तिथे राहणाऱ्यांच्या वतीने.

दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्लीत आवाज मुरत नाही, भिंतींवर आपटत वर चढतो. आणि एक गाईड ओरडला की शेजारचा वरची पट्टी लावणारच. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ सालीच लिहून ठेवलंय. हेडसेटमुळे ही चढाओढच थांबते. आमचा गाईड जवळजवळ पुटपुटत होता. पहिल्या मजल्यावर एक आजी कपडे वाळत घालत होत्या, आमचा घोळका खालून गेला तरी त्यांनी मान वळवली नाही. मागून स्पीकरवाला गट आला, तशी खिडकी धाडकन बंद! व्हेनिसने २०२४ मध्ये गाईडच्या लाऊडस्पीकरवर बंदी घातली आणि गट २५ जणांपुरता ठेवला, ते उगाच नाही.

मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. एरवी गाईडच्या पुढ्यात घुसावं लागतं. इथे इअरपीस मंद कानात घातला, चांगला मोकळा ठेवला. मागे रेंगाळत इतिहासही ऐकला आणि कारंज्याचं पाणीही. काहींनी स्वतःचे दोन्ही कानांचे इअरफोन जोडले होते. ते एकमेकांशी अक्षरशः ओरडून बोलत होते, आणि त्यांना पत्ताच नाही. कंपनीने आधीच सांगायला हवं की एक कान उघडा ठेवा.

बाकी कुरबुरी किरकोळ. मध्येच दुसऱ्या गटाचं चॅनल घुसलं आणि भलत्याच भाषेत भलताच राजा सुरू झाला. इअरपीसचं स्पंजचं कव्हर नवं मागून घ्या, आपणहून देत नाहीत.

पाचवा तारा कापला तो शेवटच्या थांब्यासाठी. हेडसेट परत घेतात ते नेमके घरांच्या खाली. यंत्रं हातावेगळी झाली की सगळे एकदम सुटतात: फोटो, हशा, “अरे इकडे ये!”, दगडांवरून खडखडणाऱ्या चाकांच्या बॅगा. तो थांबा शे-दोनशे पावलं पुढे, मोठ्या रस्त्यावर नेला तर कंपनीचं काहीच बिघडणार नाही.