स्कोलिओसिसचा ब्रेस : दीड वर्षाच्या वापरानंतर

मुलीला स्कोलिओसिस आहे, म्हणजे मणका बाजूला वाकलेला. आठवीत असताना ब्रेस लागला, आता दहावीत आहे. आधीच सांगून टाकतो, ब्रेसने मणका सरळ होत नाही. हाडं वाढायची थांबेपर्यंत बाक पुढे सरकू नये, एवढंच त्याचं काम. तिचा कॉब अँगल, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन, ३१ अंश होता. साधारण २५ ते ४० च्या मधे असेल आणि उंची वाढायची बाकी असेल तर ब्रेस देतात; पन्नाशीकडे गेला की ऑपरेशनचं बोलणं सुरू होतं.

मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मिळणारा 'पोश्चर बेल्ट' म्हणजे ब्रेस नव्हे. नातेवाइकांनी आम्हाला असे पट्टे सुचवलेच, एक तर घरी आणूनही दिला. खरा ब्रेस अंगाच्या मापाचा, कडक प्लास्टिकचा. आमच्या ऑर्थोटिस्टने, म्हणजे ब्रेस बनवणाऱ्या तज्ज्ञाने, प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतला. बाकाच्या फुगीर बाजूला आतून पॅड दाबतो आणि विरुद्ध बाजूला जागा मोकळी सोडलेली असते. ती मोकळी जागा बघून मला वाटलं माप चुकलं. पण मणक्याला सरकायला जागा नको का? ब्रेस घालून एक्स-रे काढला तेव्हा आकडा १८ वर आला होता. हा एक्स-रे मागून घ्याच, नाहीतर ब्रेस नीट बसलाय की नुसता आवळलाय ते कळणार कसं?

सगळा खेळ तासांचा आहे. २०१३ साली अमेरिका-कॅनडातल्या मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रेसमध्ये तापमानाचा सेन्सर बसवून घातल्याचे खरे तास मोजले होते. ब्रेसवाल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक ५० अंशांच्या आत राहिला, नुसत्या देखरेखीखालच्या ४८ टक्के मुलांचा. रोज सरासरी तेराएक तासांच्या वर घालणाऱ्यांत तर नव्वद टक्क्यांच्या पुढे. मला मात्र तो ४८ चा आकडा जास्त छळतो. म्हणजे काही मुलांना ब्रेसची गरजच नव्हती. आपलं मूल त्यातलं आहे का, हे आधी सांगता येत नाही, म्हणून घालायचा.

आम्हाला अठरा तास सांगितले होते. नागपूरच्या मे महिन्यात अठरा तास! कूलरसमोर बसूनही पाठीवरून घाम ओघळायचा. बिनशिवणीचा सुती बनियन, तोही ब्रेसपेक्षा लांब, हा एकच उपाय लागू पडला. शिवण किंवा एक चुणी जरी आत राहिली तरी कातडीवर वळ उठतो. पावडर लावू नका, घामाने तिचा चिखल होतो. ब्रेस काढल्यावर पॅडच्या जागी लाली असतेच, ती अर्ध्या तासात गेली पाहिजे. नाही गेली किंवा कातडी सोलली तर पट्टा ढिला करत बसू नका, सरळ ऑर्थोटिस्टकडे जा. आमच्याकडे काखेखालची कड दोनदा घासून घ्यावी लागली.

जेवण एका बैठकीत पोटभर होत नाही, पोट दाबलेलं असतं. पोळी दोन वेळा थोडी थोडी. खाली पडलेलं पेन उचलायला गुडघ्यात वाकावं लागतं. पी.टी. आणि पोहण्याला ब्रेस काढायची परवानगी आहे, व्यायाम उलट हवाच.

शाळेचं विचाराल तर मैत्रिणींपेक्षा मोठ्या माणसांनी जास्त त्रास दिला. "अगं, लग्नाचं काय?" असं एका काकूंनी तिच्यासमोर विचारलं. मुलीने शांतपणे "काकू, आधी दहावी होऊ द्या" म्हटलं.

परवाचा ब्रेसशिवायचा एक्स-रे २९ दाखवतो. घरी पेढे आले, पण मोजण्यातच पाचेक अंशांचा फरक पडू शकतो, त्यामुळे मी याला 'सुधारलं' म्हणत नाही, 'थांबलं' म्हणतो. उंची वाढल्याने पहिला ब्रेस लहान झाला, दुसऱ्याचा पूर्ण खर्च पुन्हा आला. पहिल्याच वेळी हे पैसे बाजूला धरा.