मॅक्सॉर्लीजमधले सात बुधवारी महिने

ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत जवळजवळ दर बुधवारी दुपारी मी न्यूयॉर्कच्या ईस्ट सेव्हन्थ स्ट्रीटवर, १५ नंबरच्या दारातून मॅक्सॉर्लीज पबमध्ये शिरलोय. एकदा जाऊन फोटो टाकणाऱ्यांनी या पबबद्दल भरपूर लिहिलंय. हे नेमाने जाणाऱ्याचं मत.

सुरुवात फजितीने झाली. मी मेन्यूकार्ड शोधत होतो, तर प्रश्न आला, "लाइट की डार्क?" प्यायला इथे एल, म्हणजे एका जातीची बियर, मिळते आणि ती दोनच प्रकारची. मी "एक डार्क" म्हणालो. समोर दोन छोटे मग आले. दुसरा शेजाऱ्याचा असेल, असं समजून मी तो सभ्यपणे त्याच्याकडे सरकवला. त्यानेही तितक्याच सभ्यपणे पिऊन टाकला. इथे एक म्हणजे दोन मग, हे मला कळेपर्यंत तो मिशी पुसत होता.

चवीचं सांगायचं तर लाइट हलकी, डार्क किंचित गोडसर. मी डार्कवाला. दर वेळी नवी क्राफ्ट बियर चाखायची हौस असेल तर तुमचा जीव इथे रमणार नाही. माझा रमला, कारण दिवसभर कामावर शंभर पर्यायांतून एक निवडून झाल्यावर दोनातून एक निवडणं ही चैन वाटते.

खाण्यात मात्र आपलं माणूस घरी पोहोचतं. चीजची प्लेट मागवा: चीज, खारी बिस्किटं आणि कच्चा कांदा. होय, कांदा! सोबत मोहरीची पेस्ट. पहिल्यांदा ती मी चटणीसारखी भरपूर लावली आणि डोळ्यांतून पाणी काढलं. आजीच्या लोणच्यातली फेसलेली मोहरी आठवली, तशाच नाकात झिणझिण्या. शाकाहारी मित्राला न्यायचं असेल तर हीच प्लेट.

आता ज्याच्या नावाने हे सगळं चालतं तो माणूस. जॉन मॅक्सॉर्ली आयर्लंडच्या टायरोन परगण्यातून आला. बटाट्याच्या दुष्काळाने आयर्लंडमधून माणसांचे लोंढे अमेरिकेत येत होते, तो हा काळ. पब १८५४ सालचा असं पाटी सांगते. महापालिकेच्या जुन्या नोंदींत मात्र ती जागा १८६० च्या आसपासपर्यंत मोकळा प्लॉट दिसते. लिंकन इथे बसून गेला असंही सांगतात. त्याचं प्रसिद्ध भाषण झालं ते कूपर युनियन कॉलेज इथून दोन मिनिटांवर आहे हे खरं, पण भाषण २७ फेब्रुवारी १८६० चं. प्लॉट तेव्हाही मोकळाच असेल तर लिंकन बसला कशावर, हा माझा बुधवारचा आवडता वाद. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. नुसताच एलचा मग पुढे करतात.

जॉन १९१० मध्ये गेला. मुलगा बिल याने बापाच्या वेळची एकही वस्तू हलवू दिली नाही. १९३६ मध्ये त्याने पब विकला, तोही नेहमीच्या गिऱ्हाइकाला, डॅनियल ओकॉनेल नावाच्या पोलिसाला. पुढे पब ओकॉनेलच्या मुलीकडे, डोरोथीकडे आला. तिचा नवरा हॅरी कर्वन आयर्लंडमध्ये फिरत असताना त्याची गाडी बंद पडली. मॅथ्यू मार नावाच्या किल्केनीच्या तरुणाने मदत केली, आणि न्यूयॉर्कला आलास तर काम देईन, असा शब्द हॅरीने दिला. मार १९६४ मध्ये आला आणि १९७७ मध्ये मालक झाला. म्हणजे घराणी तीन, रक्ताचं नातं शून्य, पण 'घरचा धंदा' म्हणावं असंच सगळं. आपल्याकडे सख्खे भाऊ दुकानाच्या पाटीवरून कोर्टात जातात, हे आठवून मला हसू येतं.

हे बायकोला सांगितलं तर तिने भलताच मुद्दा पकडला. डोरोथी मालकीण असूनही पब चालू असताना आत पाऊल ठेवत नसे. बायकांना प्रवेशच नव्हता! दोन बायका १९६९ मध्ये आत गेल्या, त्यांना बियर नाकारली, प्रकरण न्यायालयात गेलं. १९७० मध्ये निकाल बायकांच्या बाजूने लागला, त्याच ऑगस्टमध्ये शहराचा तसा कायदाही झाला. बायकांसाठी वेगळं शौचालय व्हायला १९८६ उजाडलं. बारमागे पहिली बाई उभी राहिली १९९४ मध्ये: मारची मुलगी तेरेसा.

"म्हणजे १९६९ मध्ये तू आत आणि मी फुटपाथवर?"

"मीही फुटपाथवर."

"खोटं बोलतोस," म्हणाली आणि माझ्या वाट्याचा कांदा उचलला.

हिवाळ्यात मधल्या जुन्या शेगडीजवळ जागा मिळाली तर सोडू नका. जमिनीवर लाकडाचा भुसा असतो, तेव्हा पांढरे बूट नकोत. टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं. ज्यांना ते जड जातं त्यांनी शनिवारी संध्याकाळी तर फिरकूच नये. १७ मार्चला, सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणाला, मी घरीच बसलो, कारण सकाळपासून रांग लागते हे माहीत होतं. खिशात रोख पैसे ठेवा.

बारच्या वरच्या दिव्याच्या दांडीकडे मात्र नक्की बघा. टर्कीच्या छातीतली काट्यासारखी हाडं तिथे लटकतात. पहिल्या महायुद्धाला निघालेल्या पोरांनी निरोपाच्या जेवणानंतर ती टांगली, असं सांगतात. परत आले त्यांनी आपापलं हाड काढून नेलं. उरलेल्यांवर दशकानुदशकं धूळ साचली. २०११ मध्ये आरोग्य खात्याच्या आग्रहाखातर मारने स्वतः ती पुसली. नोकराला सांगितलं नाही.

पुढच्या बुधवारी बायकोही येणार आहे. मोहरी तिला मी आधी सांगणार नाहीये.