पाव मिलिमीटरचा हिशेब : पीटीएम७९५० या वितळणाऱ्या पट्टीचा वर्षभराचा अनुभव

प्रोसेसर थंड ठेवण्याच्या साधनांचा विषय निघाला की बोलणे पंखे किती मोठे, रेडिएटर किती लांब आणि आवाज किती, यांभोवतीच फिरत राहते. प्रस्तुत परीक्षण मात्र अशा वस्तूचे आहे जी एकदा बसवल्यावर पुन्हा डोळ्यांना दिसत नाही. हनीवेल कंपनीची पीटीएम७९५० ही राखाडी रंगाची, साधारण पाव मिलिमीटर जाडीची पट्टी असून प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधोमध, म्हणजे एरवी थर्मल पेस्ट लावतात त्या जागी, ती बसवतात. गेले वर्षभर ती मी दोन यंत्रांत वापरत आहे : एक एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसरचा आणि दोन मनोऱ्यांच्या हवेच्या कूलरचा डेस्कटॉप, आणि दुसरा चार वर्षे वापरलेला लॅपटॉप. दोन्हीकडचे निकाल सारखे नाहीत, आणि या वस्तूचे खरे मोल त्या फरकातूनच कळते.

आधी उष्णतेचा अंदाज घेऊ. या प्रोसेसरला सॉकेटमधून कमाल २३० वॅट घेता येतात, आणि त्यांतला बहुतांश भाग प्रत्येकी सुमारे ७० चौरस मिलिमीटरच्या दोन सिलिकॉन तुकड्यांतून बाहेर पडतो. हजार वॅटच्या इस्त्रीचा तवा साधारण दोनशे चौरस सेंटिमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला पाच वॅट येतात; या तुकड्यांवर तोच आकडा शंभराच्या बराच वर जातो. म्हणजे कापडाला चटका देणाऱ्या इस्त्रीच्या वीसपटीहून अधिक दाट उष्णता नखाएवढ्या जागेतून बाहेर काढायची असते, आणि तीही सिलिकॉन ९५ अंशांच्या पुढे न जाऊ देता. ट्रान्झिस्टर लहान झाले की त्यांची विजेची भूकही त्याच प्रमाणात घटते, हा जुना दिलासा २००५ च्या सुमारास संपला, आणि तेव्हापासून प्रत्येक पिढीत ही दाटी वाढतच गेली आहे.

या उष्णतेच्या वाटेवरचा एक दुबळा दुवा म्हणजे दोन धातूंमधली फट. प्रोसेसरचे झाकण आणि कूलरचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खड्डे असतात आणि त्या खड्ड्यांत हवा असते. तांबे दर मीटरला दर अंशाला सुमारे ४०० वॅट वाहून नेते, तर हवा जेमतेम ०.०२६. पेस्टचे काम ही हवा हुसकून लावणे एवढेच. तिची स्वतःची वाहकता तांब्याच्या मानाने क्षुल्लक असते, त्यामुळे थर जितका पातळ तितके बरे. बाजारातले पेस्टचे डबे वाहकतेच्या आकड्यांनी भरलेले असतात आणि थराच्या जाडीबद्दल सोयीस्कर मौन पाळतात. पीटीएम७९५० ची छापील वाहकता ८.५ आहे आणि त्याहून मोठे आकडे मिरवणाऱ्या पेस्ट कितीतरी आहेत. तरीही ती त्यांच्या बरोबरीने, कधी त्यांच्याही पुढे उभी राहते, कारण ४५ अंशांच्या आसपास ती मऊ होऊन पाझरते, कूलरच्या दाबाने तिचा थर अगदी पातळ होतो आणि ती खड्ड्यांत शिरून बसते. यंत्र बंद झाले की ती पुन्हा घट्ट होते.

पेस्टची खरी अडचण पहिल्या दिवशी दिसतच नाही. प्रोसेसर तापला की किंचित वाकतो आणि थंड झाला की सरळ होतो. रोजच्या शेकडो चढउतारांत या हालचालीमुळे पेस्ट हळूहळू कडांकडे ढकलली जाते आणि मधोमध, नेमकी गरज असते तिथे, जागा कोरडी पडू लागते. वितळणारे द्रव्य थंडपणी घट्ट आणि गरमपणी चिकट राहत असल्यामुळे ते असे सहजासहजी निसटत नाही. माझ्या मते या पट्टीचे सारे समर्थन या एका गुणावर उभे आहे.

मी हवेच्या कूलरकडे का वळलो, हेही येथे नोंदवायला हवे. त्याआधी साडेतीन वर्षे माझ्याकडे एका कंपनीचा बंद नळ्यांचा द्रव कूलर होता. सुरुवातीला त्याने अप्रतिम काम केले. पुढे सकाळी यंत्र सुरू करताना पंपातून गुळगुळ आवाज येऊ लागला आणि तापमान दर महिन्याला एखाद्या अंशाने चढू लागले. नळ्यांच्या रबरातून पाण्याची वाफ वर्षानुवर्षे झिरपत असते, आत हवा साचते, आणि बंद रचनेत पाणी भरण्याची सोय बहुधा नसते. पंप थांबला त्या दिवशी प्रोसेसरने स्वतःची गती कमी करून जीव वाचवला, एवढेच. गंमत अशी की ज्याला आपण हवेचा कूलर म्हणतो, त्याच्या तांब्याच्या नळ्यांतही थोडे पाणी असतेच : कमी दाबाखाली ते खालच्या टोकाला उकळते, वरच्या टोकाला वाफ निवते आणि आतल्या अस्तरातून परत खाली येते. ही हीट पाइप १९६३ साली लॉस अलामॉसमध्ये जॉर्ज ग्रोव्हर यांनी सिद्ध केली. तिच्यात पंप नाही, म्हणून बंद पडण्याजोगे काही नाही.

पट्टी बसवणे अवघड नाही, पण घाई केलेली तिला खपत नाही. दोन्ही बाजूंना पारदर्शक आवरण असते आणि खोलीच्या तापमानाला पट्टी इतकी मऊ असते की आवरण ओढताच तीही त्याच्याबरोबर येते. माझी पहिली पट्टी अशीच एका कोपऱ्यात फाटली. दुसरी मी आवरणासकट कात्रीने मापात कापली, पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली, प्रोसेसरचे झाकण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतले आणि मग एका बाजूचे आवरण काढून ती अलगद टेकवली. दुसरे आवरण कोपऱ्यापासून सावकाश, जवळजवळ आडवे ओढल्यावर साफ सुटले. फाटलेला तुकडाही वाया गेला नाही, कारण फट लहान असेल तर वितळताना ती भरून निघते. कूलरचे स्क्रू मात्र आलटून पालटून आणि पुरेसे घट्ट आवळावेत, कारण दाब कमी पडला तर थर जाडच राहतो आणि सारा खटाटोप फुकट जातो.

आता निकाल. या प्रोसेसरला पूर्ण मोकळीक दिली तर तो ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच थांबतो. उत्पादकाने त्याची रचनाच तशी केलेली आहे आणि जेवढे थंड करता येईल तेवढी अधिक वीज तो घेतो. त्यामुळे मोकळ्या स्थितीतले तापमान पाहून कूलरची परीक्षा होत नाही. मी बायोसमधून, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमधून, त्याला १४२ वॅटची मर्यादा घातली, खोलीचे तापमान शक्य तितके सारखे ठेवले आणि प्रत्येक वेळी अर्धा तास एकच त्रिमितीय दृश्य रेंडर केले. ताज्या चांगल्या पेस्टवर तापमान ७४ अंशांवर स्थिरावले. पट्टीवर पहिल्या दिवशी ते ७६ होते, आणि मी थोडा हिरमुसलो. पण यंत्र आठ-दहा वेळा तापून निवल्यानंतर ते ७३ वर आले आणि आज वर्षभरानंतरही तिथेच आहे. त्याआधीच्या वर्षी वापरलेल्या पेस्टवर तापमान बारा महिन्यांत चार अंशांनी चढले होते. थोडक्यात, नव्या पेस्टशी तुलना केली तर डेस्कटॉपवर फायदा नगण्य आहे. ज्याला दरवर्षी कूलर उघडून पेस्ट बदलण्याचा कंटाळा नाही, त्याने केवळ डेस्कटॉपसाठी ही पट्टी घेण्याचे कारण नाही.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी. तिथे झाकण नसते, कूलरचा तांब्याचा तळ थेट उघड्या सिलिकॉनवर टेकतो, जागा लहान आणि चढउतार तीव्र असतात, त्यामुळे पेस्ट लवकर निसटते. माझा लॅपटॉप उघडला तेव्हा सिलिकॉनच्या मध्यभागी आरशासारखा स्वच्छ डाग होता आणि सारी पेस्ट चारही कडांना सुकून बसली होती. पट्टी लावल्यावर त्याच कामात तापमान अकरा अंशांनी उतरले, आणि आधी सतत घोंघावणारे पंखे आता अधूनमधून श्वास घेतात. यातला मोठा वाटा वाळलेली पेस्ट गेल्याचा आहे, हे मान्य. परंतु पुढच्या दहा महिन्यांत एक अंशही परत चढला नाही, याचे श्रेय पट्टीलाच द्यावे लागेल.

द्रव धातूशी तुलना अपरिहार्य आहे. गॅलियम, इंडियम आणि कथील यांचे मिश्रण खोलीच्या तापमानालाही पातळ असते आणि उष्णता पेस्टच्या कितीतरी पट वाहून नेते. सोनीने २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये ते वापरले आणि त्याच्या तयारीला दोन वर्षांहून अधिक काळ दिला. ते का, हे समजणे कठीण नाही : हा धातू वीजवाहक आहे, एक थेंब बाजूच्या भागांवर ओघळला तर खेळ आटोपतो, आणि गॅलियम ॲल्युमिनियमला अक्षरशः पोखरते. आकड्यांत द्रव धातू जिंकतो, हे निर्विवाद. पण प्रवासात खालीवर होणाऱ्या लॅपटॉपमध्ये स्वतःच्या हाताने तो लावण्याची माझी तयारी नाही.

पट्टीची मर्यादा मात्र तिच्या हातात नाही. डेस्कटॉपवर सिलिकॉनच्या वर सोल्डर, त्यावर जाड तांब्याचे झाकण, त्यावर आपली पट्टी आणि त्यावर कूलर अशी उतरंड असते. आपण बदलतो ती एकच पायरी, आणि तीही सर्वांत उंच नव्हे. झाकण काढून कूलर थेट सिलिकॉनवर टेकवणारे हौशी लोक मोठी घट मिळवतात ती याच कारणाने. वॉरंटी आणि प्रोसेसर दोन्ही पणाला लागतात, हे वेगळे सांगायला नको. या विचाराचे शेवटचे टोक म्हणजे मधले सारेच थर टाळून पाणी सिलिकॉनमध्येच खेळवणे. डेव्हिड टकरमन आणि फॅबियन पीझ यांनी १९८१ साली स्टॅनफर्डमध्ये सिलिकॉनच्या पाठीवर सुमारे ५० मायक्रॉन रुंदीचे पाट कोरून त्यांतून पाणी सोडले आणि दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट बाहेर काढून दाखवले. पाण्याच्या आत येतानाच्या तापमानापेक्षा पृष्ठभाग ७१ अंशांनी वर गेला, इतकेच. ती कल्पना चार दशके प्रयोगशाळेतच राहिली, कारण असे पाट बुजतात, पाण्याला जोराचा दाब लागतो आणि गळती झाली तर ती थेट चिपच्या काळजात होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोरिंटिस या स्विस कंपनीसोबत पानाच्या शिरांसारखे फाटे फुटणारे पाट चिपच्या पाठीवर कोरून घेतले आणि प्रचलित शीतपट्टीच्या (चिपवर टेकवलेल्या, आतून पाणी वाहणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) तुलनेत तिपटीपर्यंत अधिक उष्णता काढल्याचे जाहीर केले. घरच्या यंत्रात हे इतक्यात येणार नाही, पण दिशा तीच आहे : वाट लहान करा.

वीज न वाहणाऱ्या द्रवात अख्खे यंत्र बुडवण्याची रीत तर १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकापासूनची आहे. तिचा उकळणाऱ्या द्रवाचा प्रकार मला सर्वांत देखणा वाटतो : नोव्हेक ६४९ हा द्रव ४९ अंशांना उकळतो, बुडबुडे उष्णता घेऊन वर जातात, वरच्या थंड नळ्यांवर वाफ निवते आणि पावसासारखी खाली येते. दुर्दैवाने ही रसायने निसर्गात न विघटणाऱ्या फ्लोरिन-संयुगांच्या कुळातली आहेत, आणि ३एम कंपनीने २०२५ अखेरपर्यंत त्यांचे उत्पादन थांबवण्याची घोषणा डिसेंबर २०२२ मध्ये केली. डेटा सेंटरनी मग शीतपट्टीतून पाणी खेळवण्याचा मार्ग धरला. सुमारे १२० किलोवॅटचा एनव्हिडियाचा जीबी२०० एनव्हीएल७२ हा रॅक (सर्व्हरचे कपाट) हवेने थंड करण्याचा विचारही करता येत नाही. पेल्टियर पट्ट्यांबद्दल, म्हणजे वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणाऱ्या पट्ट्यांबद्दल, फार लिहिण्यासारखे नाही : इंटेलने २०२० मध्ये आणलेले क्रायो तंत्र स्वतःच भरपूर वीज खात असे आणि दव साचण्याची धास्ती कायम असे, २०२३ मध्ये ते गुंडाळले गेले. कंप पावणाऱ्या पडद्यांनी हवेचे झोत सोडणारी फ्रोर कंपनीची एअरजेट मिनी ही २.८ मिलिमीटर जाडीची चिप मात्र लक्षवेधी आहे, जरी एक चिप जेमतेम पाच वॅट उष्णता काढत असली तरी.

पुन्हा पट्टीकडे. तिच्याविषयीची माझी सर्वांत मोठी तक्रार वस्तूबद्दल नसून विक्रीबद्दल आहे. पहिल्यांदा एका विक्रेत्याकडून आलेली पट्टी याच नावाची होती, पण काही केल्या मऊ होत नव्हती. तेव्हापासून मी बसवण्याआधी एक लहानसा कपटा कापून गरम पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पेल्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटवतो आणि चमच्याच्या पाठीने दाबतो; अस्सल पट्टी काही सेकंदांत लोण्यासारखी पसरते, नकली रबरासारखी तशीच राहते. दुसरी तक्रार अशी की पट्टी एकदाच वापरता येते. कूलर काढला की नवी लागते. आणि काढताना यंत्र थंड असेल तर ती इतकी घट्ट धरते की कूलर हलतच नाही, म्हणून आधी दहा मिनिटे एखादे जड काम लावून यंत्र तापवून घ्यावे, मग वीज बंद करून, स्क्रू सैल करून कूलर सरळ वर न ओढता हलकेच डावीउजवीकडे फिरवावा. तो सुटताना चिकट आवाज होतो आणि झाकणावर चकचकीत राखाडी ठसा उरतो, जो अल्कोहोलच्या दोन बोळ्यांत निघून जातो.