स्प्रिंगफील्डचे बास्केटबॉल हॉल ऑफ फेम: एनबीएचा इतिहास माणसांमधून

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड शहरातले नेस्मिथ मेमोरियल बास्केटबॉल हॉल ऑफ फेम हे संग्रहालय सवड काढून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये याच शहरात हा खेळ शोधून काढला. संग्रहालय एनबीएपुरते मर्यादित नाही. महिला, महाविद्यालयीन आणि परदेशी खेळाडूंनाही तिथे मान आहे, आणि म्हणूनच लीगचा इतिहास तिथे नुसती विजेत्यांची जंत्री होऊन राहत नाही.

घुमटाच्या आतल्या बाजूने हॉल ऑफ फेममध्ये समावेश झालेल्या सन्मानितांच्या प्रतिमांचे भव्य वर्तुळ आहे. जॉर्ज मायकन यांच्यासारख्या नामवंत खेळाडूंपाशी पावले आपोआप थांबतात, परंतु डॅनी बियासोन हे नाव मुद्दाम शोधावे. १९४६ मध्ये ११ संघांनिशी सुरू झालेली आणि १९४९ मध्ये दुसऱ्या एका लीगशी झालेल्या विलीनीकरणानंतर एनबीए म्हणून ओळखली जाऊ लागलेली ही लीग तेव्हा रटाळ खेळाने ग्रासली होती. आघाडी मिळाली की चेंडू नुसता आपल्याकडे राखायचा, ही रीतच पडली होती. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असे हरवले, तेव्हा तिचा कळस झाला. सिरॅक्यूज नॅशनल्सचे मालक बियासोन यांनी साधा हिशेब मांडला: रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा बास्केटचा प्रयत्न करतात, सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा, तेव्हा प्रत्येक प्रयत्नाला २४ सेकंद पुरेत. १९५४-५५ च्या हंगामात २४ सेकंदांच्या आत बास्केटचा प्रयत्न करण्याचा हा नियम लागू झाला, प्रत्येक संघाची गुणसरासरी ७९.५ वरून ९३.१ वर गेली आणि विजेतेपदही सिरॅक्यूजलाच मिळाले. लीग तगली ती या भागाकारामुळे, असे माझे ठाम मत आहे.

३१ ऑक्टोबर १९५० रोजी एनबीएत खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरलेले अर्ल लॉइड यांना हॉल ऑफ फेमचा सन्मान २००३ मध्ये मिळाला. १९५० च्याच ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, निवडले गेलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू चक कूपर यांचा समावेश मात्र २०१९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी झाला. हा विलंब मनाला लागतो, आणि ही वर्षे ठाऊक असली की त्या प्रतिमा पाहण्याची नजरच बदलते.

तळमजल्यावरच्या कोर्टवर पाहुण्यांना स्वतः चेंडू टाकता येतो. मुले सोबत असतील तर ते शेवटी ठेवावे, कारण एकदा तिथे रमल्यावर ती वर यायला राजी होत नाहीत.